जमीन जनतेची, रेल्वे कंपनीची

खाजगी उद्योजकतेने अमेरिका उभी केली, हे सांगताना जे दाखले हटकून दिले जातात त्यांत रेल्वेचा दाखला पहिला असतो. सरकारने हात आखडता घ्यावा, धाडसी भांडवलदाराला रान मोकळे सोडावे, की ओसाड माळावर शहरे उठतात, असा या दाखल्याचा मथितार्थ. सार्वजनिक उद्योग विकायला काढले गेल्यापासून आपल्याकडेही हा युक्तिवाद सभांतून आणि अग्रलेखांतून वारंवार कानी पडतो. त्याला उत्तर देताना समाजवादी कार्यकर्ता पुष्कळदा 'ते अमेरिकेत चालले, आपल्याकडे चालणार नाही' एवढे म्हणून थांबतो. हे उत्तर दुबळे आहे. कारण सांगितले जाते तसे ते अमेरिकेतही चाललेले नाही. इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर ही गोष्ट स्पष्ट होते. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट स्पष्ट होते, आणि ती आपल्या कार्यकर्त्यांच्या अधिक उपयोगाची आहे. सार्वजनिक संपत्ती खाजगी हाती जाऊ लागली असतानाही लोकप्रतिनिधींनी करारात काय लिहून घेतले, यावर पुढच्या पिढ्यांचे पुष्कळ काही अवलंबून राहते.

इलिनॉय हे मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्येला पसरलेले राज्य. पश्चिम सीमेवर मिसिसिपी, दक्षिण टोकाला ओहायो, आणि मध्ये शेकडो मैल सपाट, गवताळ, कसदार जमीन. परंतु १८५० पर्यंत या मधल्या पट्ट्यात वस्ती तुरळकच होती. नदीकाठची जमीन लोकांनी घेतली होती. आतली जमीन दर एकरी सव्वा डॉलर या सरकारी भावानेही वर्षानुवर्षे कोणी घेत नव्हते. कारण साधे होते. मका पिकविला तरी तो चिखलातून गाडीने ओढत बाजारात न्यायचा कसा? ओढणावळ पिकाच्या किमतीहून अधिक होई.

रेल्वेची कल्पना राज्याला आधीच सुचली होती, आणि ती पहिल्यांदा अंमलात आणायला निघाले ते सरकारच होते, कोणी भांडवलदार नव्हे. १८३७ साली इलिनॉयच्या विधिमंडळाने रस्ते, नद्या आणि रेल्वे यांसाठी एक कोटी डॉलर्सहून अधिक खर्चाची योजना मंजूर केली. तिला मत देणाऱ्यांत अब्राहम लिंकन नावाचा एक तरुण सभासदही होता. त्याच वर्षी देशात आर्थिक अरिष्ट कोसळले. चाळीसच्या दशकाच्या आरंभी राज्यावर सुमारे दीड कोटी डॉलर्सचे कर्ज होते, लोकसंख्या जेमतेम पाच लाख होती, आणि व्याज देणेही बंद पडले होते. एवढ्या खटाटोपातून जो एक छोटासा लोहमार्ग प्रत्यक्षात उतरला तो १८४७ साली लिलावात २१ हजार डॉलर्सच्या आसपास विकला गेला. बांधायला त्याच्या कैक पट पैसे लागले होते.

'सरकारने उद्योगात पडू नये' याचा पुरावा म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, तेव्हा त्याचे अंतरंगही पाहिले पाहिजे. योजना बुडाली ती सरकारी होती म्हणून नव्हे. प्रत्येक सभासदाला आपल्या भागात रेल्वे हवी होती, म्हणून सगळीकडे एकाच वेळी काम सुरू करण्यात आले. एकही मार्ग पुरा होऊन उत्पन्न देऊ लागला नाही. ज्या भागांच्या वाट्याला रेल्वेही नाही आणि कालवाही नाही, त्यांची समजूत काढण्यासाठी दोन लाख डॉलर्स रोख राखून ठेवण्यात आले. आपल्याकडे पाटबंधाऱ्यांच्या अर्धवट कामांचे जे चित्र दिसते, त्याच्याशी परिचित असलेल्या वाचकाला अधिक सांगण्याची गरज नाही. आणि दुसऱ्या बाजूचेही सांगायला हवे. याच मधल्या मार्गासाठी चाळीसच्या दशकात एका खाजगी कंपनीलाही सनद मिळाली होती. तिनेही रेल्वे बांधली नाही. दोघेही थकले होते. मग १८५० नंतर असे काय घडले की सहा वर्षांत सातशे मैलांचा मार्ग उभा राहिला?

घडले ते असे की, मध्यवर्ती सरकारने जमीन दिली.

सिनेटमधील इलिनॉयचे प्रतिनिधी स्टीफन डग्लस यांनी हा कायदा रेटून नेला. पूर्वी असे प्रस्ताव फेटाळले गेले होते, म्हणून त्यांनी मार्ग दक्षिणेकडे मेक्सिकोच्या आखातावरील मोबील बंदरापर्यंत नेण्याची तरतूद करून अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांची मते मिळविली. २० सप्टेंबर १८५० रोजी राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी कायद्यावर सही केली. (डग्लस यांची शिकागोला सरोवराकाठी स्वत:ची जमीन होती, आणि पुढे तिचा एक पट्टा त्यांनी याच कंपनीला विकला, हे ओघात नमूद करण्यास हरकत नाही.) रेल्वेसाठी मध्यवर्ती सरकारने जमीन देण्याचा हा पहिला मोठा प्रसंग. यानंतर १८७१ पर्यंत अमेरिकेने निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांना सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली, त्याचा पायंडा येथे पडला.

अनुदानाची रीत लक्षात घेण्यासारखी होती. मार्गाच्या दोन्ही बाजूंना सहा सहा मैलांचा पट्टा धरायचा, त्यात एक चौरस मैलाचे तुकडे पाडायचे, आणि बुद्धिबळाच्या पटावरील घरांप्रमाणे एकाआड एक तुकडा रेल्वेला द्यायचा. उरलेले तुकडे सरकारकडे, पण त्यांचा किमान भाव सव्वा डॉलरऐवजी अडीच डॉलर्स. निम्मी जमीन दिली, उरलेल्या निम्मीचा भाव दुप्पट केला. म्हणजे सरकारचा एक पैसाही गेला नाही, असा हा बिनतोड वाटणारा हिशेब होता. जी जमीन आधीच कोणाच्या कब्जात गेली होती तिच्या बदल्यात पंधरा मैलांपर्यंतची दुसरी घ्यायची मुभा होती. अशी एकूण २५ लाख ९५ हजार एकर जमीन इलिनॉय राज्याच्या हाती आली. राज्याच्या क्षेत्रफळाचा हा सुमारे सात टक्के भाग, जवळजवळ आपल्या सातारा जिल्ह्याएवढा.

सरकारच्या हिशेबात एक पक्ष मुळातच नव्हता. १८३२ साली ब्लॅक हॉकच्या नेतृत्वाखाली आपल्या भूमीवर परतू पाहणाऱ्या आदिवासींना सैन्याने चिरडले होते, आणि १८३३ च्या शिकागो तहानंतर पोटावाटोमी लोकांना मिसिसिपीपलीकडे हलविण्यात आले होते. ज्या जमिनीला १८५० साली 'सार्वजनिक' म्हटले गेले, तिचा काही भाग सार्वजनिक होऊन वीस वर्षेही झाली नव्हती. कोयनेपासून नर्मदेपर्यंत ज्यांनी विस्थापन पाहिले आहे त्यांना 'सार्वजनिक' या शब्दाचा हा अर्थ अपरिचित नाही.

जमीन राज्याला मिळाली. आता रेल्वे कोणी बांधायची? राज्यानेच बांधावी असे म्हणणारे काही जण होते, पण १८३७ ची आठवण ताजी होती. न्यू यॉर्क आणि बॉस्टनच्या धनिकांचा एक गट पुढे आला, त्यांच्या वतीने मॅसॅच्युसेट्सचे रॉबर्ट रॅन्टूल यांनी विधिमंडळापुढे प्रस्ताव ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८५१ रोजी सनद मंजूर झाली. मध्यवर्ती सरकारने दिलेली सगळी जमीन कंपनीला मिळाली. मोबदल्यात राज्याने जे घेतले ते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे कलम होय. कंपनीने आपल्या इलिनॉयमधील मार्गाच्या ढोबळ उत्पन्नाच्या किमान सात टक्के रक्कम राज्याला द्यावी; त्या बदल्यात तिला इतर कर माफ.

'ढोबळ' या शब्दावर येथे थांबले पाहिजे. निव्वळ नफ्यात वाटा मागणे सोपे असते आणि तो न देणेही सोपे असते. झीज, व्याज, संचालकांचे भत्ते, नात्यातल्या कंपन्यांना दिलेली कंत्राटे यांचा खर्च मांडला की नफा हवा तेवढा खाली आणता येतो, हे सांगायला हिशेबतपासनीस लागत नाही. ढोबळ उत्पन्न मात्र लपवता येत नाही. तिकीट फाटले की राज्याचा वाटा ठरला. इलिनॉयच्या सभासदांपैकी बरेचसे शेतकरी आणि छोट्या गावांतले वकील होते, आणि दिवाळखोरीने पोळलेले होते. त्यांनी हा शब्द पकडून ठेवला. पुढे १८७० साली राज्याची नवी घटना झाली तेव्हा कंपनीला या बंधनातून कधीही मुक्त करता येणार नाही, असे स्वतंत्र कलमच तीत घालण्यात आले. एका कंपनीचे नाव घेऊन राज्यघटनेत कलम लिहिले जाणे ही विलक्षण गोष्ट आहे. पण विधिमंडळे विकत घेतली जाण्याचा तो काळ पाहता त्यात शहाणपण होते.

आता 'धाडसी भांडवला'कडे वळू. कंपनीने सुमारे वीस लाख एकर जमीन तारण ठेवून १ कोटी ७० लाख डॉलर्सचे कर्जरोखे काढले, आणि त्यांतला मोठा भाग लंडनच्या बाजारात विकला. भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेली रक्कम आरंभी त्या मानाने किरकोळ होती. तात्पर्य, रेल्वे बांधली गेली ती कर्जाने. कर्ज मिळाले ते जमिनीच्या तारणावर. आणि जमीन होती जनतेची. धोका कोणी पत्करला म्हणायचे? अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात नफा हे धोका पत्करल्याचे पारितोषिक म्हणून सांगितलेले असते. येथे पारितोषिक एकाकडे आणि तारण दुसऱ्याचे, अशी विभागणी होती.

त्या धाडसी मंडळींचे चारित्र्यही पाहण्यासारखे आहे. कंपनीचे पहिले अध्यक्ष रॉबर्ट स्कायलर न्यू यॉर्क अँड न्यू हेवन या दुसऱ्या रेल्वेचेही अध्यक्ष होते. १८५४ साली त्यांनी त्या कंपनीचे सुमारे वीस लाख डॉलर्सचे खोटे भाग छापून विकल्याचे उघडकीस आले आणि ते देश सोडून पळाले. इलिनॉय सेंट्रलचे अध्यक्षपद त्यांनी आधीच सोडले होते. तरी तिचे रोखे बाजारात कोसळायचे ते कोसळलेच. उलट, प्रामाणिक माणसाचे काय झाले याचाही एक दाखला आहे. इंग्लंडमध्ये खुल्या व्यापाराचा झेंडा खांद्यावर घेऊन धान्य-कायदे मोडून काढणारे रिचर्ड कॉब्डन यांनी आपली बरीचशी मिळकत याच कंपनीच्या अंशत: भरलेल्या भागांत गुंतविली. कंपनी पुढचे हप्ते मागत गेली, भाव पडत गेला, कॉब्डन अडचणीत आले आणि १८५९ साली रेल्वेची पाहणी करायला स्वत: इलिनॉयपर्यंत गेले. सरकारी हस्तक्षेपाचा हा कट्टर विरोधक सरकारी जमिनीच्या भरवशावर उभारलेल्या कंपनीत अडकावा, यात इतिहासाचा थोडा खट्याळपणा दिसतो.

रेल्वे प्रत्यक्ष बांधली ती मजुरांनी. मुख्य अभियंता रॉझवेल मेसन यांच्या देखरेखीखाली १८५१ च्या अखेरीस काम सुरू झाले. राज्यात मजूर मिळेनात, म्हणून न्यू यॉर्कच्या धक्क्यावर उतरणाऱ्या आयरिश आणि जर्मन निर्वासितांना कंपनीच्या हस्तकांनी गाठले. आयर्लंडच्या दुष्काळातून आणि जर्मनीतील फसलेल्या क्रांतीच्या काळातून आलेली ही माणसे. कामाच्या ऐन भरात सुमारे दहा हजार मजूर मार्गावर होते. रोजी साधारण सव्वा डॉलर. राहायला तंबू आणि फळ्यांच्या खोपट्या. पाणी मिळेल ते. पटकीने छावण्या उठल्या. १८५३ च्या डिसेंबरात ला सॅल येथे मजुरीच्या तंट्यातून दंगल झाली, एक कंत्राटदार मारला गेला, आणि मजुरांच्या धरपकडीसाठी सशस्त्र पथके निघाली.

मजुरीचा आणि जमिनीचा सरकारी भाव एकच होता, सव्वा डॉलर. म्हणजे एका दिवसाच्या घामाची किंमत एक एकर. पण रूळ पडताच सरकारच्या वाट्याच्या तुकड्यांवर सट्टेबाज तुटून पडले. मेक्सिकोच्या युद्धातील सैनिकांना बक्षीस म्हणून दिलेली जमिनीची हक्कपत्रे बाजारात पडत्या भावाने मिळत होती, ती त्यांनी गोळा केली होती. कंपनीच्या जमिनीचा भाव तर एकरी पाच ते पंचवीस डॉलर्स. ज्या मजुराने भराव घातला त्याला त्या भरावाशेजारची जमीन घ्यायला आता आठवड्याची किंवा महिन्याची मजुरी लागणार होती. सरकारचा एक पैसाही गेला नाही, या हिशेबातला गेलेला पैसा येथे सापडतो. तो गेला नंतर येऊन जमीन कसणाऱ्याच्या खिशातून. रेल्वेमुळे जमिनीचे मोल वाढले, ते सर्वांच्या श्रमाने आणि सर्वांच्या वस्तीने वाढले. वाढ मात्र आगाऊच एका कंपनीच्या आणि काही सट्टेबाजांच्या नावे लिहून ठेवलेली होती. पुढे १८७९ साली हेन्री जॉर्ज यांनी जमिनीच्या अनर्जित मूल्यवृद्धीची जी मीमांसा केली, तिची सामग्री अशा रेल्वेमार्गांच्या कडेलाच पडलेली होती.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. ही कंपनी जमीन अडवून बसली नाही. तिला वाहतूक हवी होती आणि वाहतुकीसाठी शेतकरी हवे होते. म्हणून तिने जर्मनी आणि स्कॅन्डिनेव्हियापर्यंत प्रचारक धाडले, त्या त्या भाषांत पत्रके छापली, अनेक वर्षांच्या हप्त्यांनी आणि अल्प व्याजाने जमीन दिली. १८५७ पर्यंत दहा लाख एकरांहून अधिक जमीन विकली गेली होती. साठच्या दशकाच्या आरंभी यादवी युद्धाने दक्षिणेची बाजारपेठ बंद झाली आणि शेतकऱ्यांच्या हाती पैसा राहिला नाही, तेव्हा कंपनीने मका घेऊन हप्ते वळते करून घेतले. आपल्याकडच्या एखाद्या सावकाराने इतके केले असते तर त्याचे गुणगान झाले असते. १८५० ते १८६० या दहा वर्षांत इलिनॉयची लोकसंख्या साडेआठ लाखांवरून सतरा लाखांवर गेली आणि तीस हजारांचे शिकागो लाखाच्या पुढे गेले. अमेरिकेतील प्रत्येक रेल्वे म्हणजे निव्वळ लूट, असे सरसकट म्हणणाऱ्या आपल्यातील मित्रांनी हे आकडेही ध्यानात ठेवावेत. प्रगती खरी होती. प्रश्न तिच्या मालकीचा होता.

मालकीचा प्रश्न कसा वळविला जाई ते गावांच्या बाबतीत दिसते. सनदेनुसार कंपनीला गावे वसविण्यास मनाई होती, कारण स्थानक कोठे होणार हे ज्याला आधी ठाऊक त्यानेच भोवतालची जमीन घेतली तर इतरांना संधी उरत नाही, हे सभासदांनी ओळखले होते. यावर तोड निघाली. कंपनीच्या काही संचालकांनी आणि अधिकाऱ्यांनी खाजगी भागीदारी करून स्थानकांच्या जागा घेतल्या. कंपनीने गाव वसविले नाही. कंपनीच्या माणसांनी वसविले. अशी तीसहून अधिक गावे एकाच नकाशावरून आखली गेली: तेच चौकोन, त्याच झाडांच्या नावाच्या गल्ल्या. कांककी त्यांपैकीच. दुसरीकडे अर्बाना या जुन्या गावाला बगल देऊन दोन मैल पश्चिमेला स्थानक झाले, तेथे नवे गाव वाढले आणि १८६० साली ते शॅम्पेन झाले. कायद्याचे अक्षर पाळून कायदा मोडण्याची ही विद्या भारतात मागाहून आली असे म्हणण्याचे कारण नाही. पण तिचे पाठ अमेरिकेतही असे गिरविले गेले होते.

लिंकन यांचा पुन्हा उल्लेख करणे येथे भाग आहे, कारण ते कंपनीचे वकील होते. मॅकलीन परगण्याने आपल्या हद्दीतील रेल्वेच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसविला. कंपनीचे म्हणणे, सात टक्क्यांच्या बदल्यात सगळे कर माफ आहेत. परगण्याचे म्हणणे, राज्याला आमचा कर माफ करण्याचा अधिकार नाही. या प्रश्नावर लिंकन यांनी प्रथम दुसऱ्या एका परगण्याला आपली सेवा देऊ केली होती. शेवटी ते कंपनीतर्फे उभे राहिले. जानेवारी १८५६ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. लिंकन यांनी फी मागितली पाच हजार डॉलर्स. कंपनीने ती नाकारली. तेव्हा त्यांनी कंपनीवरच दावा लावून ती वसूल केली. थोर पुरुषांच्या चरित्रकारांना हा प्रसंग अडचणीचा वाटतो, पण तसे वाटून घेण्याचे कारण नाही. निकालामागचा प्रश्न मात्र खरा होता, आणि तो आजही खरा आहे. वरच्या सरकारने केलेल्या कराराची किंमत गावाने का मोजावी? शाळा आणि रस्ते गावालाच चालवायचे असतात. सात टक्के राज्याच्या तिजोरीत जात होते. मॅकलीनच्या शाळेत नव्हे.

२७ सप्टेंबर १८५६ रोजी ७०५ मैलांचा मार्ग पुरा झाला. तेव्हा एका कंपनीच्या मालकीची इतकी लांब रेल्वे जगात दुसरी नव्हती. खर्च अंदाजाबाहेर जाऊन अडीच कोटी डॉलर्सच्या घरात पोचला होता. पुढच्याच वर्षी पुन्हा आर्थिक अरिष्ट आले आणि ऑक्टोबर १८५७ मध्ये कंपनीला आपला कारभार विश्वस्तांच्या हाती सोपवावा लागला. अध्यक्ष विल्यम ऑस्बर्न यांनी स्वत:ची पत गहाण टाकून ती सावरली. मग युद्ध आले. सरकारी सैन्य या मार्गावरून 'पथकराविना' जाईल असे १८५० च्या कायद्यात होते. त्याचा अर्थ रस्ता फुकट, पण इंजिने आणि डबे फुकट नव्हेत, असा लावण्यात आला, आणि कंपनीने थोडी सवलत देऊन सरकारकडून भाडे घेतले.

याच सुमारास मुंबईत काय चालले होते हे पाहिल्याशिवाय इलिनॉयच्या त्या सात टक्क्यांची किंमत कळत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा करार ऑगस्ट १८४९ मधला. इलिनॉय सेंट्रलची सनद फेब्रुवारी १८५१ मधली. दोन्ही दस्तऐवजांत अठरा महिन्यांचेही अंतर नाही. भांडवलाची बाजारपेठ एकच, लंडन. दोन्हीकडे जमीन सरकारने दिली. आपल्याकडे ९९ वर्षांच्या बोलीने, विनामूल्य. पण इलिनॉयमध्ये कंपनीने ढोबळ उत्पन्नाचे सात टक्के सरकारला द्यायचे होते. मुंबईत सरकारने कंपनीला तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी द्यायची होती. तूट आली तर ती भरून निघणार हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातून. अशी हमी असल्यावर खर्च कमी ठेवण्याची निकड कोणाला राहणार? कितीही पैसा ओतला तरी पाच टक्के ठरलेलेच. बोरघाटात हजारो मजूर रोगराईने आणि अपघाताने मेले, त्यांची हमी मात्र कोणी घेतलेली नव्हती. दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेच्या या अर्थकारणावर जी टीका केली, ती रेल्वेविरुद्ध नव्हती. करार कोणी, कोणाच्या वतीने केला, हा तिचा रोख होता. इलिनॉयचे विधिमंडळ सट्टेबाजांनी वेढलेले होते, त्यात स्त्रियांना आणि काळ्या नागरिकांना मत नव्हते, तरी करार करणाऱ्यांना दोन वर्षांनी मतदारांपुढे उभे राहायचे होते. जी.आय.पी.चा करार लंडनमध्ये झाला. ती रेल्वे सरकारने १९०० साली विकत घेतली, तेव्हाही भागधारकांना हप्ते देण्याचे ओझे हिंदुस्थानच्याच तिजोरीवर पडले.

इलिनॉय सेंट्रलच्या आरंभकाळातला एक धागा मात्र थेट आपल्या न्यायालयापर्यंत येऊन पोचला आहे. १८५२ साली शिकागोत शिरण्यासाठी कंपनीला वाट हवी होती. नगरपालिकेने तिला सरोवराच्या काठाने, पाण्यातून रूळ नेण्याची परवानगी दिली. अट अशी की, लाटांनी खचणारा किनारा वाचविण्यासाठी बांध कंपनीने स्वखर्चाने बांधावा. सौदा वाईट नव्हता. पण काठावर पाय रोवल्यावर कंपनीची नजर पाण्याखालच्या जमिनीवर गेली. १८६९ साली विधिमंडळाने राज्यपालांचा नकार डावलून बंदरासमोरची हजार एकरांहून अधिक सरोवरतळाची जमीन कंपनीला देऊन टाकली. त्यावरून गदारोळ झाला आणि चार वर्षांनी, १८७३ मध्ये, विधिमंडळाने तो कायदा रद्द केला. कंपनीने म्हटले, दिलेले परत घेता येत नाही. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन न्यायमूर्ती बाजूला राहिले. एकांनी पूर्वी शिकागो शहराची वकिली केली होती, तर दुसऱ्यांकडे कंपनीचे भाग होते. १८९२ साली चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल लागला. नौकानयनाचे पाणी आणि त्याखालची जमीन राज्याकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून असते. मालक विकतो तशी विश्वस्ताला ती कायमची देऊन टाकता येत नाही. म्हणून १८६९ चे दान मागे घेता येते.

आपल्याकडे विश्वस्त हा शब्द गांधीजींमुळे परिचित आहे, आणि त्यावर समाजवाद्यांनी वर्षानुवर्षे वाद घातले आहेत. गांधीजींचा विश्वस्त धनिक होता आणि त्याच्यावरचा अंकुश सदसद्विवेकाचा होता. या निकालातला विश्वस्त खुद्द सरकार आहे आणि अंकुश न्यायालयाचा आहे. डिसेंबर १९९६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ हा खटला निकालासाठी आला. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठची वनजमीन एका हॉटेल कंपनीला पट्ट्याने देण्यात आली होती, आणि नदीचा प्रवाह वळविण्याचे काम झाले होते. न्यायालयाने इलिनॉय सेंट्रलच्या निकालाची सविस्तर चर्चा केली, सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग आहे असे ठरविले, पट्टा रद्द केला, आणि ती जमीन ताब्यात घेऊन पूर्ववत करण्यास राज्य सरकारला सांगितले.